चक्कीवर न गेलेला केक

(दृश्य: कॉटन मार्केट, पहाट. गाजरांचे ढीग, हमालांच्या तोंडातून निघणारी वाफ.)

सकाळचे साडेसहा. डिसेंबरातलं नागपूर. लाल गाजरांचा हंगाम ऐन भरात आहे. वर्षभर मिळणाऱ्या केशरी गाजरांकडे आजी बघतही नाहीत. "दिसायलाच छान नं ती. चव कुठे आहे?" एक गाजर मधोमध मोडून त्या आतला पिवळा गाभा पाहतात. जाड निघाला तर पुढचा ढीग. अर्धा किलोसाठी तीन ढीग झाले. नातवासाठी गाजराचा केक करायचा आहे, तोही बिनधान्याचा.

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातलं घर. मांडणीवर मिक्सरचं भांडं, कडीला लाल फीत.)

या भांड्याला लाल फीत आहे. चाळणीला आहे, उलथन्यालाही आहे. फितीच्या भांड्यात फक्त नातवाचंच काही वाटायचं, हा घरातला कायदा. पाहुण्यांनी मोडला तरी आजी ऐकवतात.

नातू नऊ वर्षांचा. त्याला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्या अस्तराला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. दूध पचवणारं लॅक्टेज तयार होतं ते त्यांच्या टोकांशी. उंचवटे झिजले की दूधही सोसत नाही. आतडं सावरलं की बहुतेकांना ते पुन्हा चालू लागतं, पण तोवर याचं दूध, लोणी, पनीर बंद. निदानाआधीची दोन वर्षं दवाखान्यांत गेली.

तांदूळ आणि ज्वारी त्याला चालतात, त्यांत ग्लूटेन नसतं. मग केक बिनधान्याचा कशाला? उत्तर गल्लीच्या कोपऱ्यावर आहे.

(दृश्य: पिठाची चक्की. फिरणारा पट्टा, भिंतींवर पिठाचा थर, रांगेत डबे.)

चक्कीवाले भले गृहस्थ आहेत. "आजी, तुमच्यासाठी झाडून देतो," म्हणाले आणि कॅमेऱ्यासमोर खरंच झाडून दिलं. पण दगडांच्या खाचांत आधीच्या गव्हाचं पीठ राहतंच, आणि मागून येणारी ज्वारी ते सोबत घेऊन बाहेर पडते. पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही. हवेत उडणारं हे पीठ पाहा आणि 20 मिलिग्रॅमचा हिशोब तुम्हीच करा.

तर केक चक्कीवर जाणार नाही, एवढं ठरलं. बाकी आजींना जड गेलं नाही. आयुष्यभर एकादश्या केलेल्या बाईला धान्यावाचून स्वयंपाक नवा नव्हता. एक भगर तेवढी यादीतून गेली, कारण उपासाला चालत असली तरी ती धान्यच. शिंगाडा राहिला.

(दृश्य: खलबत्ता. वाळका शिंगाडा फुटतानाचा जवळून शॉट. निवेदन थांबतं, ठोक्यांचा आवाज.)

पूर्व विदर्भातल्या तलावांत हा शिंगाडा मासेमारी करणारे ढीवर लोक पिकवतात. पाण्यावर पसरणाऱ्या वेलीचं हे फळ, त्यामुळे धान्यात मोडत नाही. वाळला की दगड होतो. आधी खलबत्ता, मग लाल फितीचं भांडं, मग चाळणी. लागतं ते जेमतेम तीन चमचे पीठ, पण गव्हातली चिकटाई नसलेल्या केकला थोडाफार धरून ठेवतं ते हेच.

(दृश्य: गच्ची. पंचावर पसरलेले सोललेले बदाम. बाजूला खोबरेल तेलाची बाटली.)

बदाम पाव किलो. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकले की साल चिमटीतून सुटते. ही बाटली बघा. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणून सकाळी नऊपासून तीही बदामांशेजारी ऊन खात बसली आहे. लोण्याच्या जागी हेच जाणार, अर्धी वाटी.

बदाम दळताना मिक्सर सलग फिरवायचा नाही. दोन सेकंद, थांबा. दोन सेकंद, थांबा. भांडं तापलं की बदाम तेल सोडतात आणि पिठाचा लगदा होतो. सुनेनं एकदा तसा केला होता. "घाई काहून करून राहिली," असं आजी तेव्हा म्हणाल्या, आणि आज कॅमेऱ्यासमोर पुन्हा म्हणाल्या. सून हसते आहे, ते आम्ही ठेवलं.

(दृश्य: चार अंडी. आजींचा हात, क्षणभर थबकलेला.)

या ओट्यावर अंडं पहिल्यांदा फुटलं ते गेल्या वर्षी.

(निवेदन थांबतं. अंडी फेटण्याचा आवाज.)

अंडी, दीडशे ग्रॅम किसलेला गूळ, पातळ झालेलं तेल. गूळ विरघळून वर फेस धरेपर्यंत फेटायचं. मैदा नाही, त्यामुळे केकची उभारी या फेसावर. गाजर बारीक किसणीवर, पाव किलो. गाजरात बहुतेक पाणीच, म्हणून कीस मुठीत हलका दाबून घ्यायचा. अगदी कोरडा केलात तर केक घशात अडकतो. थोडी दालचिनी, जायफळ उगाळून.

आता फुगवायचं कसं? बेकिंग पावडर असते की घरात. असते, पण तिच्यात सोड्याबरोबर स्टार्च मिसळलेला असतो, बहुतेक वेळा मक्याचा. म्हणजे मागच्या दारानं धान्य आलंच. बाजारच्या हिंगाचंही तेच, बांधताना कणीक किंवा मैदा घालतात. ते बारीक अक्षरांत छापतात, आणि किराणा दुकानात भिंग कोणी नेत नाही. आजी नेतात. (दृश्य: पाकिटावर धरलेलं भिंग.)

म्हणून पाऊण चमचा नुसता सोडा. त्याला आंबट लागतं, आणि आंबटासाठी नागपुरात लांब जायला नको. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं संत्रं, त्याचा दोन चमचे रस. आंबिया बहाराची फळं याच दिवसांत येतात. साल किसून घ्यायची ती वरवर, खालचा पांढरा भाग कडू.

(दृश्य: सोड्यावर संत्र्याचा रस पडतो, फसफस. अगदी जवळून.)

यापुढे थांबायचं नाही. फसफस भांड्यातच विरली तर केक बसतो. बदामाचं पीठ, शिंगाड्याचं पीठ, कीस, तीन-चार वेळा हलवून डब्यात. ओव्हन 160 अंशांवर. बदाम लवकर करपतो, आच वाढवली की वरून काळा आणि आतून ओला. पन्नास मिनिटं.

(दृश्य: ओव्हनच्या काचेसमोर नातू. पाठमोरा.)

गहू बंद झाल्यापासून पोटदुखी थांबली, वजन भरलं.

"आजी, झाला?"

"झाला. पण कापायचा उद्या."

बदामाचा केक गरम असताना सुरी लावली की भुगा होतो. पूर्ण निवला की धरतो, रात्रभर ठेवला तर आणखी चांगला. हे आजींनी त्याला समजावून सांगितलं, दोनदा. मग सुरी त्यांनीच आणली.

(दृश्य: बशीत केकचा भुगा. नातू बोटांनी खातो. निवेदन नाही.)

उरलेला सकाळी कापला. तुकडे अखंड निघाले.

(दृश्य: शाळेचा डबा, लाल फीत.)