गाय गाभडली, ताप माणसाला आला

नमस्कार, श्रोतेहो.

सहा-सात महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडते. वार अडकते आणि कोणीतरी ती उघड्या हातांनी ओढून काढतो. तीन-चार आठवड्यांनी त्याच माणसाला ताप येऊ-जाऊ लागतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर आणि सांधे ठणकतात. टायफॉइड, मलेरियाच्या तपासण्या होतात, पण गोठ्यात काय घडले ते डॉक्टरांना कोणी सांगतच नाही. हा आजार ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार, असू शकतो.

हे नाते शास्त्रज्ञांनाही चटकन उमगले नव्हते. माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये जिवाणू शोधला. तो येतो कुठून, हे मात्र १९०५ मध्ये कळले: थेमिस्टोक्लिस झामिट यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये आढळला. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे थांबवले आणि ताप झपाट्याने ओसरला. प्रतिजैविके तेव्हा नव्हतीच.

गाभडलेल्या वासरात, वारेत आणि गर्भजलात हे जिवाणू प्रचंड संख्येने असतात. कडक उन्हात ते काही तासांत मरतात, पण सावलीतल्या ओल्या मातीत आणि शेणात कित्येक आठवडे तग धरतात. कुत्र्याने वार ओढत नेली की संसर्ग शेजारच्या गोठ्यापर्यंत पोचतो.

म्हणून अशा वेळी लांब हातमोजे, मास्क आणि चश्मा हवाच. जिवाणू हातावरच्या बारीक ओरखड्यातून, डोळ्यांतून, श्वासातूनही शिरतो. वासरू आणि वार पुरण्याआधी पशुवैद्यांना विचारा, कारण तपासणीसाठी नमुना लागतो. मग विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जमीन निर्जंतुक करताना एक चूक हमखास होते. शेणावरच ब्लीचिंग पावडर टाकली जाते. शेणामुळे तिचा जोर संपतो. आधी सगळे खरवडून काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, मगच जंतुनाशक वापरा. गाय स्राव पूर्ण थांबेपर्यंत वेगळी बांधा.

बहुतेक गायी एकदाच गाभडतात. पुढचे वेत सुखरूप होते आणि मालकाला वाटते, गाय बरी झाली. प्रत्यक्षात ती दुधातून आणि विण्याच्या वेळी जिवाणू सोडतच राहते. इंजेक्शने देऊन तिला खात्रीने बरे करता येत नाही, उलट औषधाचा अंश दुधात उतरतो. रक्ततपासणी करून पशुवैद्य सांगतील तसे वागणे हाच मार्ग. दूध उकळूनच प्यावे, कच्च्या दुधाचे पदार्थही नकोत.

कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एस-१९ लस एकदाच देतात. ती जिवंत जिवाणूंची असल्याने गाभण जनावराला आणि नराला देत नाहीत. सुई टोचणाऱ्याच्या बोटात गेली तर त्यालाही आजार होऊ शकतो, तेव्हा लगेच डॉक्टरांकडे जावे.

माणसावरचा उपचार निदान सहा आठवडे, दोन औषधे एकत्र देऊन चालतो. पण दहा-बारा दिवसांत ताप उतरला की रुग्ण स्वतःच गोळ्या बंद करतो आणि आजार उलटतो. डॉक्टर थांबवतील तोवर गोळ्या घ्या. आणि ताप घेऊन दवाखान्यात गेलात, तर गोठ्यातली गाय गाभडली होती, हे पहिल्याच भेटीत सांगा.

नमस्कार.