गुण कोणत्या यंत्रावरचे?

श्रोतेहो, नमस्कार.

आज व्हिडिओ गेमच्या परीक्षणांविषयी बोलायचं आहे. एका यंत्रासाठी तयार झालेला गेम दुसऱ्या यंत्रावर आणला की त्याला 'पोर्ट' म्हणतात. घरात कुणी कन्सोलवर, म्हणजे खास गेमसाठी बनवलेल्या यंत्रावर, किंवा लॅपटॉपवर खेळत असेल, तर हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेलच. या पोर्टची परीक्षणं ज्या पद्धतीनं लिहिली जातात, ती मला पटत नाही. गेम दहापैकी नऊ गुणांचा आहे असं सांगायचं आणि ते नऊ कोणत्या यंत्रावर मिळाले हे शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत टाकायचं, हा खेळणाऱ्यावर अन्याय आहे. नवा गेम विकत घ्यायला आपल्याकडे चार-पाच हजार रुपये मोजावे लागतात. कॉलेजातली मुलं त्यासाठी महिनोनमहिने पैसे साठवतात.

डिसेंबर 2020 आठवा. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'सायबरपंक 2077' 10 तारखेला बाजारात आला. त्याआधीच 80 लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. परीक्षणं दोन-तीन दिवस आधी आली आणि बहुतेक सगळी कौतुकाची होती. काहींनी बारीकसारीक बिघाडांची तक्रार केली होती, पण सूर एकंदर कौतुकाचाच. आता हे परीक्षक खेळले होते कशावर? कंपनीनं त्यांना फक्त पीसीची आवृत्ती दिली होती. शिवाय आपण खेळतानाचं चित्रण दाखवायला मनाई होती, दृश्यं वापरायची ती कंपनीनंच पुरवलेली. प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलवर हा गेम कसा चालतो, हे विक्री सुरू होईपर्यंत बाहेरच्या जगाला ठाऊकच नव्हतं.

चालत कसा होता? रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे आधी मेणाचे असावेत तसे गुळगुळीत दिसायचे आणि चार-पाच सेकंदांनी त्यावर नाकडोळे स्पष्ट व्हायचे. गाडी वेगानं चालवली की पुढचा रस्ता तयार व्हायच्या आत तुम्ही तिथं पोहोचायचात. मध्येच गेम बंद पडून निळी एरर स्क्रीन यायची. आठवड्याभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनं हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि मागेल त्याला पैसे परत दिले. तो तिथं परत आला जून 2021 मध्ये.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट होती. प्लेस्टेशन 5 भारतात विक्रीला आला 2 फेब्रुवारी 2021 ला. म्हणजे 'सायबरपंक' आला तेव्हा पुण्यातल्या, नागपुरातल्या, पणजीतल्या प्लेस्टेशनवाल्यांपुढे अधिकृतपणे एकच यंत्र होतं, ते म्हणजे जुना प्लेस्टेशन 4. ज्या यंत्राबद्दल एकाही परीक्षणात शब्द नव्हता, नेमकं तेच त्यांच्या घरी होतं.

पोर्ट का बिघडतो, हे थोडं समजून घेऊ. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी यंत्राला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सावल्या, पाणी, शत्रूच्या हालचाली, आवाज, सगळं उरकायचं. कन्सोलवर सगळ्यांच्या घरी एकच चिप असते, त्यामुळे गेम बनवणाऱ्याला हिशेब नेमका बसवता येतो. पीसीवर प्रत्येकाचं ग्राफिक कार्ड वेगळं, मेमरी वेगळी, कार्ड चालवणारं 'ड्रायव्हर' हे सॉफ्टवेअर वेगळं. 'शेडर' नावाचे छोटे प्रोग्रॅम असतात. धातू कसा चमकावा, त्वचेवर प्रकाश कसा पडावा हे ते ग्राफिक कार्डाला सांगतात. कन्सोलसाठी ते आधीच तयार करून देता येतात. पीसीवर मात्र ते ज्याच्या त्याच्या यंत्रावर तयार व्हावे लागतात. गेम सुरू होण्याआधी केले तर ताटकळत बसावं लागतं. खेळता खेळता केले तर नेमकं दार उघडताना किंवा पहिला वार करताना स्क्रीन क्षणभर थबकते.

'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग 28 मार्च 2023 ला पीसीवर आला. गाजलेली कथा, प्लेस्टेशनवर नावाजलेलं काम. पीसीवर पहिल्यांदा सुरू केला की शेडर तयार होताहेत असं सांगणारी पट्टी दिसायची, आणि बऱ्याच जणांच्या यंत्रांवर ती अर्धा-अर्धा तास, कुठे त्याहून जास्त वेळ चालायची. आता पीसीचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा नियम असा, की खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. ही पट्टी चालू असतानाही खेळाचं घड्याळ चालूच! गेम आवडला की नाही हे ठरवायचा वेळ त्या पट्टीनंच खाल्ला. 8 जीबी मेमरीची कार्डं तेव्हा आपल्याकडे चांगली समजली जात होती, आजही कित्येकांकडे त्याहून कमीच आहे. त्या कार्डांवर सुरुवातीच्या आवृत्तीत भिंती आणि कपडे चिखल फासल्यासारखे दिसत. पुढच्या महिन्यांत पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या फाइली, आल्या, सुधारणा झाली. पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनीच ती तपासणी करून दिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. जून 2015 मध्ये 'बॅटमॅन: अर्खम नाइट'ची पीसी आवृत्ती इतकी वाईट निघाली, की वॉर्नर ब्रदर्सला दुसऱ्याच दिवशी विक्री थांबवावी लागली. ऑक्टोबरअखेर ती परत आली. आणि 2012 मध्ये 'डार्क सोल्स' पीसीवर आला तेव्हा आतलं चित्र 1024 बाय 720 ठिपक्यांना जखडलेलं होतं. ड्युरांटे या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका हौशी प्रोग्रॅमरनं त्याच दिवशी छोटीशी फाइल बनवून फुकट वाटली आणि ते बंधन उठलं. मला ही हकीकत फार आवडते, कारण पुढे हाच माणूस व्यवसाय म्हणून चांगले पोर्ट करू लागला.

परीक्षकांबद्दल माझी एक तांत्रिक तक्रार आहे. 'सरासरी 60 फ्रेम मिळाल्या', म्हणजे सेकंदाला 60 चित्रं, असं लिहून ते मोकळे होतात. दर पाच-सहा सेकंदांनी एखादं चित्र 16 ऐवजी 100 मिलिसेकंद अडलं, तर सरासरी फारशी हलत नाही, पण खेळणाऱ्याच्या हाताला तो गचका प्रत्येक वेळी कळतो. ब्रिटनमधली 'डिजिटल फाउंड्री' ही मंडळी कित्येक वर्षं प्रत्येक चित्राला किती वेळ लागला याचा आलेख पडद्यावरच दाखवतात. सुरळीत चाललं की रेषा सपाट, अडखळलं की उंच सुळका. परीक्षण असं दाखवून केलेलं असावं.

आता दुसरी बाजू. चांगला पोर्ट ही मोठी कारागिरी आहे आणि तिला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये 'द विचर 3' निन्टेंडोच्या स्विचवर, म्हणजे हातात धरूनही खेळता येणाऱ्या छोट्या कन्सोलवर आला. सेबर इंटरॅक्टिव्हनं सीडी प्रोजेक्ट रेडच्या साथीनं ते काम केलं. मूळ गेम, दोन मोठे जोडभाग, सगळं मिळून 32 जीबीच्या एका कार्डावर. मोठ्या वाड्यातलं बिऱ्हाड दोन खोल्यांत हलवताना काय न्यायचं आणि काय सोडायचं, तसा हा प्रश्न. त्यांनी गवत विरळ केलं, लांबच्या सावल्या काढल्या, हातात धरून खेळताना चित्र 540 रेषांपर्यंत उतरवलं. गेममधल्या नोव्हिग्राड शहराचा गजबजलेला बाजार मात्र ठेवला, संवाद ठेवले, नकाशाची तसूभर जमीन कापली नाही. काही समीक्षकांनी पीसीचं चित्र शेजारी ठेवून 'धूसर' म्हणून नाक मुरडलं. चित्र धूसर आहेच. पण बसच्या सीटवर बसून गेमच्या नायकाची, गेराल्टची गोष्ट सलग पुढे नेणाऱ्याला त्यांनी काय दिलं, याचा विचार त्या तुलनेत कुठेच नव्हता. याउलट 2023 च्या नोव्हेंबरात स्विचवर आलेल्या, हॅरी पॉटरच्या जगातल्या 'हॉगवर्ट्स लेगसी'त शाळेच्या आवारातून हॉग्जमीड गावात शिरताना लोडिंग स्क्रीन येते. प्लेस्टेशन 5 वर तुम्ही चालत चालत गावात पोहोचता. जादूचं जग अखंड असल्याचा भासच त्या गेमचा जीव होता, आणि कात्री नेमकी तिथं लागली.

जुने गेम नव्या यंत्रावर आणताना तर फारच दुखावणारे प्रकार होतात. धुक्याचं उदाहरण घ्या. 'सायलंट हिल 2' 2001 चा, प्लेस्टेशन 2 वरचा. गावभर धुकं, आणि दूरचं जे काढलेलं नाही ते त्यामागे झाकलेलं. आणि त्याच धुक्यानं गेमला भीती दिली, कारण पाच पावलांपुढे काय आहे ते दिसतच नाही. 2012 मध्ये याची 'एचडी' आवृत्ती आली. गेमची मालक कंपनी कोनामीकडे अंतिम सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ लिहिलेला प्रोग्रॅमच, जपून ठेवलेला नव्हता, अपुऱ्या कोडवरून काम करावं लागलं. धुकं इतकं पातळ झालं की तळ्यापलीकडे जग जिथं संपतं ती कडा दिसू लागली. 'जीटीए: सॅन अँड्रियास'चंही तेच. नोव्हेंबर 2021 मध्ये तीन जुन्या 'जीटीए'च्या संचात आलेल्या नव्या आवृत्तीत लांबचं धुकं काढलं, आणि जो प्रदेश आपल्याला अफाट वाटायचा तो डोंगरावरून एका नजरेत मावू लागला. त्याच संचातल्या एका डोनटच्या दुकानाच्या पाटीवर मुळात षटकोनी नट होता, बोल्टवर बसवतात तसा. दुकानाचं नावच नटावरून असल्यानं ती गंमत होती. कडा गुळगुळीत करण्याच्या नादात तो गोल झाला आणि गंमत गेली. वर जुन्या, नीट चालणाऱ्या आवृत्त्या दुकानांतून काढून घेतल्या होत्या! लोक चिडल्यावर 'जीटीए'च्या रॉकस्टार कंपनीनं माफी मागितली आणि पीसीवर त्या परत विकायला ठेवल्या. सोर्स कोड जपणं हे चित्रपटाची मूळ रिळं जपण्याइतकंच जबाबदारीचं काम आहे, आणि समीक्षकांनी कंपन्यांना याबद्दल दरवेळी विचारायला हवं.

या विषयाचा एक धागा थेट पुण्या-मुंबईत येतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा 2003 चा गेम नव्यानं घडवायचं काम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं. सप्टेंबर 2020 मध्ये त्याची झलक आली. चेहरे निर्जीव होते, प्रकाश सपाट होता, ही टीका रास्तच होती. पण त्या आठवड्यात टीका चित्रावर थांबली नाही. 'भारतात बनवला म्हणून असा' हे वाक्य ज्या सहजपणे लिहिलं गेलं, त्याचा मला आजही राग येतो. वेळ किती दिला, माणसं किती दिली, हे प्रश्न फार थोड्यांनी विचारले. प्रकाशन आधी पुढं गेलं, मग बेमुदत लांबलं, मे 2022 मध्ये काम कंपनीच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं, आणि जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्टनं तो गेम रद्दच केला. मूळ गेम जिथं जन्मला त्या मॉन्ट्रियललाही तो पूर्ण करता आला नाही, हे त्या वेळच्या शेरेबाजांनी लक्षात घ्यावं.

त्याच वर्षी, ऑगस्ट 2020 मध्ये, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' स्विचवर आला. धाकट्या भावाला, गोलूला शोधत निघालेली मुलगी, राजस्थानी वास्तुशैलीचे महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा. समीक्षकांनी दृश्यांना मनापासून दाद दिली आणि लढाई अवघडलेली आहे, गेम लवकर संपतो, हेही सांगितलं. दोन्ही खरं आहे. छोट्या चमूनं पहिलाच गेम स्विचसारख्या तुटपुंज्या ताकदीच्या यंत्रावर आधी आणला, तेव्हा तिथं चित्र अडखळायचंच. दोन महिन्यांनी पीसी आणि इतर कन्सोलवर तो आला, आणि 2022 मध्ये सुधारित आवृत्ती आली, हिंदी आवाजांसह. मला असं परीक्षण हवं असतं: दाद कशाला, तक्रार कशाची आणि कोणत्या यंत्रावर, सगळं वेगवेगळं मांडलेलं.

जून 2025 पासून स्विच 2 बाजारात आहे. त्याच्या काही कार्डांत गेम नसतोच, फक्त किल्ली असते, आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. निन्टेंडो आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही, तरी हौशी लोक बाहेरून मागवतात. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या डेटावर ते पन्नास-साठ जीबी कसे उतरवणार? हे कार्ड भावाला, मित्राला द्यायचं तर त्यालाही सगळं पुन्हा उतरवावं लागेल. गंमत म्हणजे 'सायबरपंक 2077' स्विच 2 वर पहिल्याच दिवशी आला तो 64 जीबीच्या कार्डावर अख्खा, आणि चांगला चालला. 2020 मध्ये ज्यांनी हात पोळून घेतले, त्यांनी हे करून दाखवलं.

'एल्डन रिंग'ची स्विच 2 आवृत्ती ऑगस्ट 2025 मध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉम या प्रदर्शनात पत्रकारांना हातात दिली गेली. मोकळ्या मैदानात घोड्यावरून जाताना ती फार अडखळते, असं त्यांनी विक्रीच्या आधी, स्पष्ट शब्दांत लिहिलं. ऑक्टोबरात कंपनीनं कामगिरी सुधारण्यासाठी वेळ हवा म्हणून प्रकाशन 2026 वर ढकललं. कुणाचाही पैसा अडकला नव्हता, आणि प्रोग्रॅमर मंडळींना काही महिने मिळाले. डिसेंबर 2020 मध्ये 'सायबरपंक'ची प्लेस्टेशन 4 ची आवृत्ती अशीच चार परीक्षकांच्या हातात दिली असती, तर तो गेमही थांबला असता.

नमस्कार.