गादा, सी लायन आणि पाण्यात लटकलेला मासा

(मालवण परिसरातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, समोर बसलेले होड्यांचे तांडेल, होमस्टे चालवणारी मंडळी आणि मागच्या बाकांवरची कॉलेजची मुलं, सगळ्यांना नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘एकट्याची होडी आणि मोठा प्राणी: काय करावं?’ त्यातल्या ‘काय करावं’कडे मी येणार आहे. पण आधी मला तुम्हाला एक मासा दाखवायचाय. खरं तर माशाचं डोकं.

माझी मुलगी अमेरिकेत सॅन दिएगोला असते. तिच्याकडे चार महिने राहिलो तेव्हा जावई मला कयाकमधून मासेमारीला न्यायचे. आपल्याकडे तारकर्ली, देवबागला पर्यटकांना देतात तीच प्लास्टिकची कयाक, फक्त मागे बर्फाची पेटी आणि रॉड खोचायला भोकं. ला होया नावाचा किनारा आहे, तिथे समुद्राच्या तळापासून वरपर्यंत केल्प नावाचं शेवाळ झाडासारखं वाढतं. त्याच्या कडेने गळ टाकायचा. माझ्या गळाला बोनिटो लागला, म्हणजे आपल्या कुप्याचा भाऊबंद. दोनेक किलोचा असेल. मी तो आरामात खेळवत बसलो. इतक्या वर्षांनी हातात असा मासा आला होता, घाई कशाला?

अचानक रॉड वाकला तो टोक पाण्यात जाईपर्यंत. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणून गुणगुणायला लागली आणि कयाकचं नाक आपोआप फिरलं. मी दोन्ही हातांनी ओढतोय. जावई मागून ओरडतायत, “बाबा, सोडा! दोरी सोडा!” वीस-पंचवीस हातांवर पाण्यातून एक डोकं वर आलं. काळं, ओलं, बाजूला पिटुकले कान. तोंडात माझा मासा. त्याने मान डावीकडे झटकली, उजवीकडे झटकली, आणि मासा फाटला. हे मी पुस्तकी बोलत नाही, फाटल्याचा आवाज मी ऐकलाय. वर सीगल जमले. दोरी एकदम सैल पडली. गुंडाळली तर गळाला बोनिटोचं डोकं, कल्ल्यांपर्यंत. बाकी काही नाही.

हा सी लायन, समुद्रात मासे खाऊन जगणारा केसाळ प्राणी, सीलचा भाऊबंद. पण सील वेगळा. सीलला बाहेर दिसणारे कान नसतात आणि जमिनीवर तो पोटावर घसटत चालतो. सी लायन वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांवर उभा राहतो, खडक चढतो, आणि ठेंगण्या होडीवरही चढू शकतो. कॅलिफोर्नियातला पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर जातो. माझी कयाक पस्तीस किलोची. आपल्याकडे, किंबहुना हिंदुस्थानच्या कुठल्याच किनाऱ्यावर, सी लायन नाही. मग तुम्हाला का सांगतोय?

कारण ते डोकं बघितलं तेव्हा मला माझा थोरला भाऊ आठवला.

दादाची छोटी पात, म्हणजे होडी आहे. पहाटे कांडाळ, म्हणजे मासे अडकवायचं जाळं टाकतो, बांगडा, पेडवे, बोय, जे लागेल ते. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायचो. जाळं ओढताना कधीकधी एकामागून एक नुसती डोकी वर यायची. आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकांत, अडकलेली डोकी, धड गायब, आणि मध्येच एवढं मोठं भगदाड. दादा म्हणायचा, “गादो इलो.” गादा म्हणजे आपला कुबड असलेला डॉल्फिन, जो खोल पाण्यात जात नाही, किनाऱ्याला धरून फिरतो. म्हणजे नेमका तिथेच, जिथे छोट्या होडीवाल्याचं पोट आहे. जगाच्या दोन टोकांना दोन वेगळे प्राणी, एक केसाळ, एक गुळगुळीत, आणि दोघांनी मागे ठेवलं ते एकच. आपल्या दोरीत अडकलेलं डोकं.

इथे मला थोडं थांबू द्या, कारण पुढचं माझ्या मनाला फार लागलेलं आहे.

गेल्या वर्षी दादाचं जाळं असंच फाटलं. फाटलं म्हणजे किती, तर दोन हातांत मावेना. मासे गेले त्याचं त्याला काही नाही. पण तो आणि वहिनी सहा दिवस ओसरीवर बसून ते जाळं विणत होते, आणि ते सहा दिवस पात वाळूत. मी म्हटलं, सरकारची योजना आहे, चल. योजना खरंच आहे आणि चांगली आहे. 2018 च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्राने ठरवलं, की जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई 25 हजार रुपयांपर्यंत मिळेल. फोटो काढायचा, अर्ज करायचा. त्यामुळे कितीतरी कासवं जिवंत परत गेली, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आम्ही एका कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने आपुलकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “जाळं तुम्ही कापलंत का?” दादा म्हणाला, नाही, गाद्याने फाडलं. “मग त्याला अर्जात रकाना नाही. कापलं असतंत तर होतं.” बाहेर आल्यावर मी दादाला म्हटलं, एक शब्द बदलला असतास तर? दादा चालता चालता थांबला. म्हणाला, “मी कापूक नाय, मगे कापलंय म्हणान कसा सांगू?”

माझी मागणी एवढीच आहे, आणि ती प्रत्येक व्यासपीठावरून करणार आहे: तो रकाना घाला. गादा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हे मला शंभर टक्के मान्य आहे. तो जगभरच संकटात आहे. पण तो सगळ्यांचा असेल तर त्याच्या जेवणाचा खर्च एकट्या दादाने का सोसायचा? योगायोग बघा, आपला कायदा 1972 च्या सप्टेंबरचा आणि अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा. त्यांच्या कायद्यात मच्छीमाराला एक वाट ठेवलीय. जीव जाणार नाही, गंभीर इजा होणार नाही, अशा रीतीने आपला मासा आणि जाळं वाचवायला त्याला हुसकावता येतं.

हुसकावण्याचंही सांगतो, कारण कोणीतरी विचारणारच की फटाके का लावत नाही. सिएटल शहरात बॅलर्ड लॉक्स नावाचा जलमार्ग आहे. तिथून स्टीलहेड मासे वर नदीकडे जातात. 1980 च्या दशकात सी लायननी ती अरुंद जागा हेरली. लोकांनी फटाके फोडले, आवाज सोडले, वाईट चवीचे मासे खायला घातले. काही नरांना पकडून थेट कॅलिफोर्नियात नेऊन सोडलं, तर ते पोहत परत आले! शेवटी फायबरग्लासचा खोटा ऑर्का, म्हणजे सी लायनला खाणारा मोठा डॉल्फिन, आणून पाण्यात ठेवला. (हशा) हसू येतंच, पण आपल्या शेतातलं बुजगावणं याहून वेगळं काय असतं? सी लायन त्या ऑर्कालाही बधले नाहीत. आवाजाच्या यंत्रांना तर तिकडे ‘जेवणाची घंटा’ म्हणतात. आवाज आला म्हणजे तिथे मासा आहे, एवढं तो प्राणी शिकतो.

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. हा प्राणी चोर नाही, विद्यार्थी आहे. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून मी सांगतो, असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं. आपण पाण्यात लटकवून ठेवलेला प्रत्येक मासा हा त्याचा एक धडा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, मग छापलेला विषय भराभर सांगतो.

गळाने मारत असाल तर मासा खेळवू नका. तंगूस जाड घ्या आणि सरळ वर आणा. माझी ला होयातली चूक तीच होती. प्राण्याने मासा धरलाच तर ओढाओढी नको, तंगूस कापा. सुरी हाताशी हवी, डब्याच्या तळाशी नको. तंगूस मनगटाला किंवा कमरेला कधीही बांधू नका.

पकडलेला मासा दोरीत ओवून होडीच्या कडेला पाण्यात सोडू नका, आणि कयाकमध्ये तर पायही बाहेर नकोत. झाकणाची पेटी ठेवा. आतडी, डोकी तिथेच टाकू नका, किनाऱ्यावर आणा.

कांडाळवाल्यांनी जाळं लहान टाकावं आणि लवकर ओढावं. रात्रभर भिजत ठेवलेलं जाळं म्हणजे गाद्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. तो दिसला तर तासभर जागा बदला. तोटा होतो, मला माहीत आहे, पण सहा दिवस विणण्यापेक्षा कमी.

पर्यटकांच्या होड्यांना हात जोडून विनंती, गाद्याला बांगडा टाकू नका. फोटो तुमचा होतो, पण त्यानंतर तो प्रत्येक होडीकडे तोच बांगडा मागत येतो.

प्राणी सुस्त दिसला, मान हलवत राहिला, उगाच अंगावर आला, तर तिथून निघा. 2023 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात शेवाळातलं विष माशांमधून सी लायन आणि डॉल्फिनच्या पोटात गेलं आणि शेकड्यांनी किनाऱ्याला लागले. आजारी प्राणी ओळखीच्या प्राण्यासारखा वागत नाही.

आणि शेवटचं, भगदाड बघून लगेच गाद्याला शिव्या देऊ नका. केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, त्याला चोचीसारखे चार दात असतात, तो जाळं कात्रीने कापल्यासारखं तोडतो, जागोजागी, बारीक. गाद्याचं भगदाड मोठं, कडा ओढलेल्या, आणि आसपास डोकी. दादाच्या जाळ्याचे दोन तुकडे मी दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत, एक केंडाचा, एक गाद्याचा. जाताना दोन्हींवर बोट फिरवून बघा.