काखेत कळसा, पेटी क्रमांक २३७

[टेबलावर एक जाड पुस्तक, त्याच्या पानांत खूण म्हणून लाल फूल.]

हे लाल कार्नेशन आणि ही 'अ‍ॅना कॅरेनिना'. अशी कल्पना करा, की संध्याकाळी साडेआठला तुम्ही एका कॅफेत बसला आहात. पुस्तक समोर, फूल पुस्तकात. ज्याची वाट बघताय त्याचा चेहरा तुम्ही कधी पाहिलेला नाही. नाव माहीत नाही. आहेत ती फक्त त्याची पत्रं, आणि ती तुम्हाला जवळपास पाठ आहेत. दार उघडतं आणि आत येतो तुमच्याच दुकानातला तो माणूस, ज्याच्याशी तुमचं रोज वाजतं. तुम्ही मनात म्हणता, आजच याला इथे कडमडायचं होतं!

पत्रं त्यानेच लिहिलेली आहेत. तुम्हाला ते माहीत नाही, पण त्याला आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी, बाहेरच्या फुटपाथवर कळलंय.

नमस्कार मंडळी. आज 'द शॉप अराउंड द कॉर्नर' या चित्रपटाबद्दल बोलायचंय. साल १९४०, कृष्णधवल, लांबी जेमतेम ९९ मिनिटं, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. मी शेवटासकट सगळं सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथे थांबवा आणि बघून या. मी वाट बघते. अर्थात यातलं मोठं गुपित दिग्दर्शक स्वतःच मध्यावर फोडून टाकतो. मला बोलायचंय ते नेमकं त्याबद्दलच.

गोष्ट घडते बुडापेस्टमध्ये. मातुशेक आणि कंपनी, पर्स, पाकिटं, सुटकेसा असलं चामड्याचं सामान विकणारं दुकान. सकाळी सगळे नोकर दुकानाबाहेर उभे, कारण किल्ली मालकाकडे. मालक टॅक्सीतून उतरतात, शटर वर जातं, दिवस सुरू होतो. यातला अल्फ्रेड क्रालिक हा मालकांच्या खास विश्वासातला सेल्समन, म्हणजे जेम्स स्टुअर्ट. तो बुडापेस्टमध्ये राहून अस्सल अमेरिकन उच्चारात बोलतो. पहिली पाच मिनिटं खटकतं, मग आपण विसरतो.

या क्रालिकने वर्तमानपत्रात एक जाहिरात वाचली होती. एका मुलीला सांस्कृतिक विषयांवर पत्रव्यवहार करायचा होता, नाव न सांगता. पत्ता फक्त पोस्टाच्या पेटीचा, क्रमांक २३७. पत्राची सुरुवात 'प्रिय मित्र' अशी. क्रालिक लिहू लागला, ती उत्तरं देऊ लागली, आणि सांस्कृतिक विषय हळूहळू बाजूला पडून प्रेम आलं.

दरम्यान दुकानात क्लारा नोव्हाक येते, नोकरी मागायला. ही भूमिका मार्गारेट सुलाव्हनची. क्रालिकला आधी वाटतं गिऱ्हाईक आलं, म्हणून तो अगदी अदबीने बोलतो. नोकरीसाठी आलीय कळल्यावर त्याचा आवाज बदलतो. जागा नाही, तो सांगून टाकतो. तेव्हाच मालकांना एक सिगारेटची डबी फार आवडलेली असते. झाकण उघडलं की त्यातून 'ओची चोर्निया' हे रशियन गाणं वाजतं. ही डबी चालणार नाही, असं क्रालिकचं स्पष्ट मत. क्लारा ती डबी उचलते आणि एका लठ्ठ बाईंना विकून दाखवते. ही गोळ्या-चॉकलेटांची डबी आहे, म्हणते. झाकण उघडलं की गाणं वाजणार आणि आठवण होणार, की आता पुरे. नोकरी तिथल्या तिथे पक्की! आणि क्रालिकशी वैरही तिथल्या तिथे.

हे मी एवढं तपशिलात सांगतेय, कारण ओळखीच्या गोंधळावर चालणाऱ्या बऱ्याच गोष्टींत दोघं का भांडतात याला काही आधारच नसतो. नायक-नायिका आहेत म्हणून भांडतात. इथे भांडणाला कारण आहे, आणि ते पोटाचं आहे. काळ बेकारीचा. दुकानातल्या प्रत्येकाला माहीत आहे की बाहेर पडलो तर दुसरी नोकरी मिळणं कठीण. क्लाराने डबी विकली याचा अर्थ मालकांसमोर क्रालिकचं मत खोटं ठरलं. दोघांच्याही अंगात दिवसभर ही धास्ती असते, आणि रात्री घरी जाऊन तीच दोघं एकमेकांना कविमनाची पत्रं लिहितात.

लुबिचला हे जग घरचं होतं. त्याचा जन्म बर्लिनचा, १८९२ चा. वडिलांचा शिवणकामाचा धंदा. तरुणपणी तो दिवसा त्या धंद्यात राबायचा आणि संध्याकाळी रंगमंचावर जायचा. १९२२ मध्ये तो हॉलीवूडला गेला. चित्रपट मूळ मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाच्या नाटकावर आधारलेला आहे आणि पटकथा सॅमसन रॅफेलसनची. मूळ नाटकातलं दुकान अत्तरांचं होतं, चित्रपटात ते चामड्याच्या सामानाचं झालं. या बदलाचा किती सुंदर उपयोग केलाय, ते पुढे सांगते.

[पडद्यावर तीन नावं एकाखाली एक: पिरोविच, क्रालिक, क्लारा.]

आता मुख्य मुद्दा. गैरसमजाची गोष्ट रचताना लेखकापुढे खरा प्रश्न एकच असतो: कोणाला, काय, कधी कळू द्यायचं? आपल्याकडचं उदाहरण घ्या, २०१० चा 'मुंबई-पुणे-मुंबई'. मुंबईची मुलगी मुलगा बघायला पुण्यात येते आणि एका अनोळखी तरुणाबरोबर अख्खा दिवस काढते. तो तरुण कोण, हे आपल्यापासून शेवटपर्यंत राखून ठेवलंय. तिथे मजा धक्क्याची आहे, आणि ती छान साधलीय.

लुबिच उलट करतो. दुकानाच्या काचेतली मांडणी बदलायला मालक सगळ्यांना रात्री थांबवून घेतात. क्लाराला त्याच संध्याकाळी लवकर निघायचंय. क्रालिकलाही. आपण शहाणे प्रेक्षक, आपल्या लगेच लक्षात येतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो कळसा आपल्याला दिसतोय, त्यांना दिसत नाही.

आणि मग कॅफे. क्रालिकचा धीर होत नाही, म्हणून तो सोबत आलेल्या पिरोविचला खिडकीतून बघायला सांगतो. पिरोविच म्हणजे दुकानातला वयस्क, संसारी, भित्रा आणि फार मायाळू सहकारी. हे काम फेलिक्स ब्रेसार्टने केलंय, आणि हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडावी लागलेल्या नटांपैकी तो एक. पिरोविच आत बघतो. फूल दिसलं, पुस्तक दिसलं. मुलगी? सुंदर आहे, तो म्हणतो. थोडी आपल्या मिस नोव्हाकसारखी दिसते. क्रालिक वैतागतो, तिचं इथे काय? तेव्हा पिरोविच हळूच सांगतो, की मिस नोव्हाक तुला आवडत नसेल तर ही मुलगीही आवडणार नाही, कारण ही तीच आहे.

ही बातमी आपल्याला पिरोविचच्या तोंडून मिळते. कॅमेरा क्लारावर झेप घेत नाही, संगीत दणदणत नाही. एक म्हातारा मित्र दुसऱ्याला शक्य तितकं कमी लागेल अशा बेताने सांगतो. मला हे दृश्य संपूर्ण चित्रपटात सर्वांत प्रिय आहे.

इथून पुढे जवळजवळ अर्धा चित्रपट शिल्लक आहे. गुपित संपलं, मग आपण काय बघत बसायचं? आपण क्रालिकला बघतो. त्याच दिवशी त्याची नोकरी गेलीय. तो परत फिरतो, आत जातो आणि तिच्यासमोर बसतो, क्रालिक म्हणूनच. आणि ती त्याला सोलून काढते. तुमचं अंतरंग उघडलं तर हृदयाच्या जागी हँडबॅग सापडेल, आत्म्याच्या जागी सुटकेस आणि बुद्धीच्या जागी न पेटणारा लायटर, अशा अर्थाचं ती बोलते. बघितलंत? सगळा दुकानातला माल. तिच्या डोळ्यांना हा माणूस म्हणजे तो विकतो त्या वस्तू, एवढंच. अत्तराच्या दुकानात हे वाक्य सुचलंच नसतं.

आणि तो गप्प बसून ऐकतो. कारण समोरच्या बाईला जवळपास पाठ असलेली पत्रं त्याचीच आहेत. स्टुअर्टच्या चेहऱ्यावर त्या क्षणी राग, लाज आणि काळजी हे सगळं एकदम येतं.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. या चित्रपटात निनावी पत्रं दोन प्रकारची आहेत. एक पेटी क्रमांक २३७ ची. दुसरं मालक मातुशेकना आलेलं, की तुमच्या बायकोचं तुमच्याच एका नोकराशी प्रकरण चालू आहे. मातुशेक ठरवून टाकतात, तो क्रालिकच. म्हणून त्याची नोकरी जाते. म्हणजे ओळखीचा घोळ इथेही आहे, फक्त याला विष लागलंय. आपल्याला 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव आठवेल. पण फाल्गुनरावाच्या संशयावर नाट्यगृह हसत बसतं, आणि इथे मातुशेकांनी नेमलेला गुप्तहेर येऊन सांगतो की तो नोकर वाडाश आहे, क्रालिक नाही. त्यानंतर म्हातारा आतल्या खोलीत जातो आणि स्वतःवर पिस्तूल रोखतो. पोऱ्या पेपी वेळेवर पोचतो म्हणून जीव वाचतो.

प्रेमकथेच्या मधोमध हे का? मला वाटतं, याच्याशिवाय ती प्रेमकथा उभीच राहिली नसती. मातुशेकांनी ज्याला वर्षानुवर्षं रोज पाहिलं, घरी जेवायला बोलावलं, त्याला ते ओळखू शकले नाहीत. क्लारा रोज शेजारी उभी राहून क्रालिकला ओळखत नाही. एकाच दुकानात, एकाच दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लारा पोस्टात जाते. कॅमेरा पेट्यांच्या मागच्या बाजूला आहे. २३७ क्रमांकाचं दार उघडतं, हातमोजा घातलेला हात आत येतो, चाचपतो. काही नाही. मग त्या चौकोनात तिचा चेहरा दिसतो. काही सेकंद, बस. इतका वेळ तडतडणारी ही मुलगी किती एकटी आहे, ते त्या रिकाम्या पेटीत दिसतं.

[थोडं थांबून.]

आता माझी एक तक्रार, आणि ती मनापासून आहे. क्रालिक आता परत कामावर आलाय, मॅनेजर झालाय, म्हणजे तिचा साहेब. त्याला सगळं माहीत आहे, तिला काहीच नाही. ती आजारी पडते तेव्हा तो तिला भेटायला जातो, तिथेच त्याचं नवं पत्र येतं, ती त्याच्यासमोर वाचते आणि खुलते. दृश्य गोड आहे. पण हे बरोबर आहे का? हा प्रश्न मला दरवेळी टोचतो. १९९८ मध्ये नोरा एफ्रनने हीच गोष्ट ईमेलच्या काळात आणली, 'यूव्ह गॉट मेल'. तिथे टॉम हँक्सची पुस्तकांची भलीमोठी दुकानं मेग रायनचं छोटं दुकान गिळतात, आणि दुकान गेल्यावरही तो तिला खरं न सांगता तिच्याशी मैत्री वाढवत राहतो. तिथे माझं मन राजी होत नाही. तिने एवढं गमावल्यावर त्याने एक दिवसही गप्प राहायला नको होतं.

लुबिचच्या बाबतीत मी नरमते, त्याचं कारण नाताळच्या आदल्या रात्रीचं दृश्य. दुकानात १९२८ नंतरची सर्वांत मोठी विक्री झालीय. सगळे गेलेत, दोघंच उरलेत. क्लारा आपण होऊन कबूल करते, की नोकरीला लागले तेव्हा तुम्ही मला आवडला होतात. एका कादंबरीत वाचलं होतं की पुरुषाला तुच्छतेने वागवलं की तो मागे लागतो, तेच मी तुमच्यावर करून बघितलं. म्हणजे पत्रांच्या बाहेरही काहीतरी होतं! पत्रातल्या माणसावर आणि समोरच्या माणसावर, दोघांवरही तिचा जीव होता. हे तिच्या तोंडून आल्यावरच तो खरं सांगायला निघतो. त्याआधी थोडं छळतोच, की तुमचा होणारा नवरा मला भेटून गेला, टकला आहे, पोट सुटलेलं आहे, शिवाय बेकार. तिचा चेहरा पडत जातो. मग तो कोटाला लाल कार्नेशन लावतो.

कॅफेत त्या रात्री तिने त्याला आणखी एक टोमणा मारला होता, तुमचे पाय फेंगडे आहेत. तो त्याला इतका लागला होता की भर रस्त्यात पॅन्ट वर करून दाखवावी असं वाटलं होतं, हे तो आता सांगतो. ती डोळे पुसते आणि अगदी गंभीरपणे विचारते, आता दाखवाल का?

तो दोन्ही पाय वर खेचून उभा राहतो. मोजे, मोज्यांचे पट्टे, सगळं दिसतं. ती वाकून नीट बघते.

पाय सरळ असतात.