कूस बदलली की घर फिरतं

चक्करेसाठी मराठीत जेवढे शब्द आहेत, तेवढे मला आमच्या पाठ्यपुस्तकांतही भेटले नाहीत. अंधारी येते, घेरी येते, भोवळ येते, झोक जातो, गरगरतं, डोकं हलकं होतं. कान-नाक-घशाचं शिक्षण घेत होतो तेव्हा आम्ही केसपेपरवर या सगळ्यांचं मिळून एकच 'चक्कर' करायचो आणि मानेचा एक्स-रे लिहून द्यायचो. असे कितीतरी कागद माझ्या हातचे आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पेशंटने अर्धं निदान सांगून टाकलेलं असायचं. आम्ही ते पुसून टाकत होतो.

पटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तिथे आधी रक्तदाब, हृदय, हिमोग्लोबिन बघायचं. चालताना झोक जातो, बसल्यावर काही नाही, तिथे पायांच्या नसा आणि मेंदू. मधुमेह असेल तर नक्कीच. पण 'घर फिरतंय', 'पलंग उलटतोय' असं कोणी म्हणालं की माझं लक्ष कानाकडे जातं.

गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या. गळ्यात कॉलर, हातातल्या पिशवीत गोळ्यांच्या पाच-सहा पट्ट्या. चार महिने त्या खुर्चीत बसून झोपत होत्या, आडवं व्हायची भीती बसली होती. सून म्हणाली, "मणक्याचं आहे म्हणतात." साठी ओलांडलेल्या जवळजवळ कुणाचाही मानेचा एक्स-रे काढा, मणक्यांत झीज दिसणारच. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच, असं होत नाही. मी आजींना विचारलं, नक्की कधी होतं? त्या म्हणाल्या, "डाव्या कुशीवर वळले की. वीस आकडे मोजेपर्यंत सगळं फिरतं, मग आपोआप थांबतं."

यानंतर मला फारसं काही विचारायचं उरलं नव्हतं. त्यांना टेबलावर बसवलं, मान पंचेचाळीस अंश डावीकडे वळवली आणि तशीच धरून झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकेल असं. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग त्यांनी माझी बाही घट्ट धरली, आणि बुबुळं वरच्या दिशेने, खालच्या कानाकडे गोल वळत, झटके मारू लागली. अर्ध्या मिनिटात शांत झाली. या चाचणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात, लंडनच्या दोन डॉक्टरांनी ती 1952 साली मांडली. लागतं काय? एक टेबल आणि डोळे बघणारा माणूस.

आता आत काय बिघडलं होतं ते सांगतो. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, द्रवाने भरलेल्या. शेजारी एक छोटी पिशवी आहे, तिच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण बसलेले असतात. शिंपला ज्याचा बनतो, तोच पदार्थ. वयाने, डोक्याला मार लागल्याने, कधी काहीच कारण न सापडता, हे कण सुटतात आणि बहुतेक वेळा मागच्या नलिकेत जाऊन पडतात, कारण ती सगळ्यांत खाली आहे. मग कूस बदलली की कण घसरतात, त्यांच्यासोबत द्रव सरकतो, आणि तो कान मेंदूला कळवतो की डोकं गोल फिरतंय. दुसरा कान म्हणतो, नाही. या भांडणात घर फिरतं. कण तळाशी बसले की थांबतं. आजींचे वीस आकडे म्हणजे कण खाली बसायला लागणारा वेळ.

चक्कर कानातून येऊ शकते हे वैद्यकाला फार उशिरा पटलं. पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी 1861 साली ते सांगितलं, तोवर असे झटके मेंदूत रक्त दाटल्याचे समजले जात. पुढचा माणूस मला विशेष प्रिय आहे: व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी. ते पेशंटचे कान पिचकारीने धूत असत. कोणी म्हणे गरगरतंय, तर ते डोळे बघत. एकाने तक्रार केली की पाणी फार गार आहे. दुसऱ्या वेळी गरम पाण्याची तक्रार आली, आणि बारानींच्या लक्षात आलं की बुबुळांचे झटके आता उलट्या दिशेला आहेत. गार-गरम पाण्याने द्रवात प्रवाह तयार होतो, हे त्यातून निघालं. त्यावर त्यांना 1914 चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. तक्रार ऐकून घेणारा डॉक्टर संशोधन करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

उपचाराची गोष्ट अमेरिकेतल्या पोर्टलंडची. तिथले कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी विचार केला, कण नळीत घसरून अडकले असतील तर डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून ते बाहेरही घसरवता येतील. सहकाऱ्यांना हे खरं वाटेना, नियतकालिकांनी लेख परत पाठवले. शेवटी 1992 साली तो छापून आला. त्याच सुमारास कॅनडातल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेत नलिकेत तरंगणारे कण प्रत्यक्ष दिसले. आज जगभर हाच पहिला उपचार आहे, आणि दहांपैकी सुमारे आठ जणांना एक-दोन खेपेत आराम पडतो.

आजींवर मी तेच केलं. त्याच स्थितीत मान उजवीकडे नव्वद अंश, मग अख्खं अंग उजव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे, मग हळूच उठवून बसवलं. प्रत्येक टप्प्यावर अर्धं-पाऊण मिनिट. आठवड्याने परत आल्या तेव्हा कॉलर घरी होती.

पिशवीतल्या गोळ्यांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन झटका तीव्र असताना दोन-तीन दिवस ठीक आहेत. महिनोन्महिने घेतल्या तर म्हातारपणी हात थरथरणं, अंग ताठणं, चाल मंदावणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो, आणि मेंदूची स्वतःला सावरायची क्रियाही त्या मंदावतात. कण तर नळीतच राहतात. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा.

हा त्रास पुन्हा उद्भवतो. 2020 साली दक्षिण कोरियात आठ रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात, ज्यांचं ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांना ते कॅल्शियमसह दिल्यावर पुन्हा येणारे झटके सुमारे चोवीस टक्क्यांनी घटले. वारंवार होत असेल तर ते तपासून घ्यावं.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगतो. गरगर तासन्‌तास सलग राहिली, सोबत बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसू लागली, हात-पाय लुळा पडला, आधाराशिवाय उभं राहवेना किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर कानाचं म्हणून घरी थांबू नका. तो पक्षाघात असू शकतो. पहिल्या दोन दिवसांत एमआरआयमध्येही कधी कधी तो दिसत नाही; अशा वेळी डोळ्यांची नीट केलेली तपासणी एमआरआयपेक्षा आधी इशारा देते, हे 2009 मध्ये दाखवलं गेलं आहे.

मघाशी तुमच्यापैकी पहिल्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, हे घरी करता येईल का? कोणता कान आणि कोणती नलिका हे डॉक्टरांनी एकदा ठरवून दिलं, तर येईल. मानेचा गंभीर आजार असेल तर मात्र नाही. पुढे जागा करा, सतरंजी अंथरली आहे. एकाने माझ्यासमोर आडवं व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याचे डोळे बघायचे.