मूठभर ज्वारी

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरायला आलात, तर कठड्याजवळ जरा थांबा. कुणीतरी पिशवी उलटी करतं, ज्वारी फरशीवर पसरते आणि समोरच्या छपरांवरून पारव्यांचा थवा धाडकन खाली उतरतो. थोड्याच वेळात फरशी साफ. मागे शीट, पिसं आणि कुणाच्या तरी खात्यावर जमा झालेलं पुण्य.

पारवा मूळचा कड्याकपारीतला. घोडबंदर रोडला आपण त्याला उंचच उंच कडे बांधून दिले. एसीच्या आउटडोअर युनिटमागे डोकावून बघा. चार काटक्या, झाडूचे हीर, वायरचा एखादा तुकडा, झालं घरटं. त्यात दोन पांढरी अंडी. साधारण 18 दिवसांत पिल्लं बाहेर. चिमणीला पिल्लांसाठी अळ्या शोधत फिरावं लागतं. पारव्याचं तसं नाही. नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो, तोच ते पिल्लांना भरवतात. त्यामुळे दाणा मिळाला की बाराही महिने वीण.

वाळलेल्या शिटेची भुकटी वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली, तर काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीमुळे फुफ्फुसाला सूज येण्याचा आजार, होतो. फुफ्फुसाला पडलेले वण मग भरून येत नाहीत.

सोसायटीचा उपाय ठरलेला: जाळी. सातव्या मजल्यावर जाळी लागली, की पारवा आठव्यावर जातो आणि भांडण जनरल बॉडीत येतं.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने 1961 ते 1985 या काळात सुमारे एक लाख पारवे मारले. संख्या जैसे थे. खाणं तेवढंच होतं, रिकामी जागा नव्या पिल्लांनी भरली. 1988 पासून लोकांना दाणे टाकू नका म्हणून पटवायला सुरुवात झाली, आणि चारेक वर्षांत थवे निम्म्यावर आले.

मुंबईत जुलै 2025 मध्ये कबुतरखाने बंद करायचे आदेश निघाले. दादरला ताडपत्री चढली आणि ती फाडायला माणसं रस्त्यावर उतरली. पिढ्यान्‌पिढ्यांची जीवदया नुसत्या दंडाच्या पाटीने कशी थांबेल? तलावपाळीवर पाटी लागली, तर पिशवी पुढच्या गल्लीत उघडेल.

बाझलने याचाही विचार केला होता. पक्ष्यांवर माया असणाऱ्यांसाठी देखरेखीखालची खुराडी उभारली. तिथे पारवे राहत, त्यांची निगा राखली जाई, आणि अंडी मात्र वेळच्या वेळी काढून घेतली जात.