पॉलिशच्या खाली
(निवेदन संहिता)

[पडदा काळा. दोन खटके ऐकू येतात.]

पहिला खटका पातं अर्ध्यावर आल्याचा, दुसरा ते पूर्ण उघडल्याचा. या चाकूला लॉक नाही. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी आहे, ती पात्याच्या बुडावर दाब देते आणि तेवढ्या जोरावर पातं उघडं राहतं. जगभरात या रचनेला स्लिपजॉइंट म्हणतात. खिशात बाळगायचे जुन्या पद्धतीचे घडीचे चाकू बहुतेक असेच.

[टेबलावर करडं कापड. त्यावर ओळीने मांडलेले जुने चाकू. एक हात ओळीवरून फिरतो.]

हे सगळे वापरलेले आहेत. कुणी यांनी फळं सोलली, कुणी दोर कापले, कुणी नुसतेच खिशात वागवले. आज त्यांची तपासणी आहे. धार मात्र कुणी बघणार नाही, ती केव्हाही लावून घेता येते. बघायचं ते फिनिश. कारखान्यातून बाहेर पडताना पात्यावर शेवटचा जो हात फिरला, त्याची खूण शिल्लक आहे की मधल्या एखाद्या मालकाने हौसेने पुसून टाकली, एवढाच प्रश्न आहे.

[दोन चाकू शेजारी शेजारी. डाव्याचं पातं लखलखीत, उजव्याचं काळपट करडं.]

पहिल्या नजरेत कुणीही डावा उचलेल. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. संग्राहकाचा हात उजव्याकडे गेला.

[मॅक्रो. दिवा हळूहळू तिरका होतो. पात्यावर रेषा उमटतात.]

दिवा समोरून धरला तर यातलं काहीच दिसत नाही. तो असा तिरका करावा लागतो. मग पात्याच्या पाठीपासून धारेकडे उतरणाऱ्या बारीक, समांतर रेषा वर येतात. लाकडी चाकावर चामडं चढवायचं, त्यावर सरसाने एमरीची, म्हणजे घासकामाच्या कठीण खनिजाची, पूड बसवायची आणि फिरत्या चाकावर पातं आडवं धरायचं. या रेषा त्या चाकाच्या आहेत. कामगाराने पातं बुडापासून टोकापर्यंत एका दमात सरकवलं की रेषांमधलं अंतर सारखं राहतं. मध्ये हात अडखळला तर तेही दिसतं. इथे, टोकाच्या थोडं अलीकडे, रेषा किंचित तिरक्या झाल्या आहेत. हा दोष म्हणून कुणी नाकारत नाही. उलट, पात्याला नंतर कुणी हात लावलेला नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळायचा नाही.

काळपट रंगाचं म्हणाल, तर तो गंज नव्हे. कार्बन पोलाद वापरात येतं तसं करडं, निळसर पडतं. हा थर घट्ट असतो, बोटाला लागत नाही. तांबडा, भुसभुशीत, खड्डे पाडणारा तो गंज. दोघांना एकच समजून दोन्ही घासून काढण्याच्या नादात जितके जुने चाकू वाया गेले असतील, तितके वापरून गेले नसतील, असं आमचं तरी मत आहे.

[डावा चाकू. कॅमेरा नखाच्या खाचेवर.]

आता हा लखलखीत. चकाकी आहे म्हणून तो लगेच बाद होत नाही, कारण आरशासारखं पॉलिश कारखानेही करत. महागड्या चाकूंची पाती एमरीनंतर क्रोकसच्या चाकावर जात. क्रोकस म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक, तांबडी पूड. या कामाला वेळ लागे आणि चाकही सावकाश फिरवावं लागे. म्हणून असं पातं फक्त वरच्या प्रतीच्या मालात येई.

मग कारखान्याची चकाकी कुठली आणि घरगुती मशीनची कुठली, हे कडा सांगतात. पातं उघडायला नख अडकवतो ती खाच बघा. क्रोकस पॉलिशमध्ये हिची कड तीक्ष्ण राहते. इथे ती वितळल्यासारखी गोल झाली आहे. कापडाचं मऊ चाक खोलगट जागेत शिरतं आणि कडा खाऊन टाकतं. पात्याच्या पाठीवर टोकाकडे जाणारी उतरती कड असायला हवी होती, ती आता हाताला लागते पण डोळ्यांना दिसत नाही.

[मॅक्रो. पात्याच्या बुडावरचा छाप.]

आणि हा छाप. अक्षरांच्या एकाच बाजूला ओघळ आले आहेत. बफिंगचं, म्हणजे चकाकी आणणारं ते कापडी चाक ज्या दिशेने फिरलं, त्या दिशेने धातू ओढला गेला. हा ओघळ दिसला की पुढे काही विचारायची गरज उरत नाही. पात्याच्या सपाट भागावर आम्लाने उठवलेली अक्षरं असली, तर ती याच्याही आधी जातात, कारण ती अगदी वरच्या थरात असतात. इथे ती होती की नव्हती, हेसुद्धा आता सांगता येत नाही.

[दुसरा चाकू. बुडावर कंपनीचं नाव, खाली ठिपक्यांची रांग.]

छापाला इतकं महत्त्व का, ते या चाकूवरून कळेल. हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या ब्रॅडफर्डचा, केस कंपनीचा. नावापुढचे दोन एक्स म्हणजे पातं भट्टीतून दोनदा गेलं, एकदा कडक करायला आणि एकदा ठिसूळपणा घालवायला. 1970 मध्ये कंपनीने नावाखाली दहा ठिपके मारायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत गेली. 1979 मध्ये एकच उरला. या पात्यावर सात ठिपके आहेत, म्हणजे चाकू 1973 चा. बफिंगने यातला एक पुसला असता तर चाकू वर्षाने लहान झाला असता, आणि तसा तो विकलाही गेला असता.

[शेफिल्डचा चाकू. इंग्लंड हा शब्द ठळक.]

चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या मालावरही असंच वाचन चालतं. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. त्यामुळे इंग्लंड असं कोरलेला चाकू सहसा त्यानंतरचा धरतात. उलटा निष्कर्ष मात्र काढायचा नाही. नाव नाही म्हणून तो आपोआप जुना ठरत नाही. 1624 पासून शेफिल्डला चाकू कारागिरांचा स्वतःचा संघ आहे आणि छापांची नोंद हा त्याच्या कामाचा मोठा भाग होता.

[चाकू दिव्यासमोर धरलेला. पाठीकडून दृश्य.]

आता जोडकाम. चाकू दिव्यासमोर धरायचा आणि पाठीच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना बघायचं. पट्टी आणि मुठीच्या आतला पितळी पत्रा यांच्यामधून उजेड आला तर जोड सैल आहे. मग पाठीवरून अंगठा फिरवायचा. पातं मिटलेलं असताना, अर्ध्यावर आणि पूर्ण उघडल्यावर, तिन्ही वेळा पट्टी पत्र्यांच्या बरोबरीने बसली पाहिजे. हे तिन्ही ठिकाणी साधणं फार अवघड. मिटल्यावर आणि उघडल्यावर सपाट, पण अर्ध्यावर पट्टी केसभर वर, असं चांगल्या कारखान्यांच्या मालातही सापडतं.

[तीन पात्यांचा चाकू, वरून.]

हा तीन पात्यांचा. मधलं पातं किंचित वाकडं दिसतंय, आणि नवखा संग्राहक ते पाहून हमखास चाकू परत ठेवतो. पण हा बाक मुद्दाम दिलेला आहे. मिटल्यावर पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून कारागीर बुडाजवळ हातोडीने त्यांना अंदाजाने वळवतो. मापपट्टी नाही, साचा नाही. तिन्ही पाती मिटून एकमेकांना न शिवता बसली की काम झालं. घासल्याचे ओरखडे दिसले तर काम फसलं. इथे पात्यांच्या अंगावर एकही ओरखडा नाही.

[मुठी. हाड, सांबरशिंग, रंगीत सेल्युलॉइड.]

टोकांना धातूची जी टोपी आहे ती बोल्स्टर, जर्मन सिल्व्हरची. नावात चांदी असली तरी धातूत नाही, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. कारखान्यात मूठ आणि बोल्स्टर एकत्रच घासतात, त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर बोट नेताना पायरी लागू नये. लागलीच तर मूठ बदललेली असू शकते किंवा हाड आक्रसलेलं असू शकतं. आक्रसणं वयाचं असतं, ते कारागिराच्या खाती मांडू नये. ही खडबडीत मूठ सांबरशिंगाची. हे शिंग वर्षानुवर्षं भारतातून जात असे, ती निर्यात आता बंद आहे.

[सेल्युलॉइडची लाल-पिवळी मूठ. शेजारच्या पात्यावर तांबडे डाग.]

ही देखणी मूठ सगळ्यांत घातकी. सेल्युलॉइड हे सुरुवातीच्या काळातलं प्लास्टिक, ते जुनं झालं की कुजतं आणि त्यातून निघणाऱ्या वायूंमुळे नायट्रिक आम्ल तयार होतं. आधी त्याच चाकूचं पातं गंजतं, मग शेजाऱ्याचं. बंद डबीत तर हे फार वेगाने होतं. सेल्युलॉइड वेगळं आणि उघड्या हवेत ठेवायचं, यात दुमत नाही.

[बंद पडलेल्या कारखान्यांची छायाचित्रं, झरझर.]

न्यूयॉर्क राज्यातला इम्पीरियल श्रेड हा चाकूंचा कारखाना 2004 मध्ये बंद पडला, कॅमिलस 2007 मध्ये. कामगार गेले, यंत्रं विकली गेली. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला 2006 मध्ये ग्रेट ईस्टर्न कटलरीने जुन्या पद्धतीने चाकू बनवायला नव्याने सुरुवात केली.

[पुन्हा टेबल. ओळीतला शेवटचा चाकू.]

राहिला हा. दोन पाती आहेत, दोन्ही स्वच्छ, जोड घट्ट, मुठीला तडा नाही. संग्राहकाने दिवा तिरका केला. मोठ्या पात्यावर रेषा पाठीकडून धारेकडे उतरताहेत. लहान पात्यावर त्या लांबीच्या दिशेने धावताहेत आणि बुडाच्या कोपऱ्यात सँडपेपरचा ओरखडा अडकला आहे. म्हणजे लहान पातं नंतर कुणीतरी घासलं. बुडावरचा छाप मात्र दोन्हींवर एकच आहे, म्हणून पातं मूळचंच असावं.

चाकू घ्यायचा, पण अस्सल फिनिशचा भाव द्यायचा नाही. संग्राहकाने विकणाऱ्याला लहान पात्यावरचा ओरखडा भिंगातून दाखवला.